फातोर्डा स्टेडियम: पहिली मोठी मॅच क्रिकेटची, मैदान शेवटी फुटबॉलचं

फातोर्ड्याचं स्टेडियम म्हटलं की आज एफसी गोवा या फुटबॉल क्लबची केशरी जर्सीच डोळ्यासमोर येते, त्यामुळे इथली पहिली मोठी इंटरनॅशनल मॅच क्रिकेटची होती हे हल्लीच्या पोरांना सांगूनही पटत नाही. पण तसंच आहे. 25 ऑक्टोबर 1989 ला ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका इथे वनडे खेळले, नेहरू कपातली मॅच. ते पंडित नेहरूंच्या जन्मशताब्दीचं वर्ष, कपाला त्यांचं नाव आणि स्टेडियमलाही त्यांचंच.

गोवा तेव्हा घटकराज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. पणजीत कांपालचं बांदोडकर मैदान होतं, वास्कोत टिळक मैदान होतं, पण बाहेरच्या देशाची टीम बोलवावी आणि सगळ्या देशाने टीव्हीवर बघावं असं काही आपल्याकडे नव्हतं. म्हणून मडगावला लागून फातोर्ड्यात हे काम घाईघाईत उभं राहिलं. सहा महिन्यांत झालं असं मडगावात अजून अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान मला रास्त वाटतो. त्याच सीझनला संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या टीम्सची फुटबॉल स्पर्धा, मडगावात झाली आणि ती गोव्याने जिंकली, म्हणजे सासष्टीच्या, मडगावच्या या तालुक्यातल्या लोकांनी मैदानावर फुटबॉलचा हक्क पहिल्याच वर्षी सांगून टाकला.

तरी पुढची वीसेक वर्षं दोन्ही खेळ एकाच मैदानावर चालवले गेले आणि खरी अडचण तिथेच होती. क्रिकेटला मधोमध टणक मातीचं पिच लागतं, रोलर फिरवून दाबलेलं, आणि नेमका तोच भाग फुटबॉलच्या मैदानाच्या पोटात येतो, जिथे सगळीकडे सारखं गवत हवं, बॉल सारखा उसळायला हवा. शिवाय क्रिकेटचं मैदान गोल धरून स्टँड बांधले की फुटबॉल बघणारा टचलाइनपासून लांब पडतो. 2001 ला ऑस्ट्रेलिया, 2006 ला इंग्लंड, 2007 ला श्रीलंका, भारताच्या या मॅचेस इथे झाल्या, गर्दीही तुफान झाली. मग 24 ऑक्टोबर 2010, भारत-ऑस्ट्रेलिया, परतीच्या पावसाने मैदान असं भिजवलं की एकही बॉल न टाकता मॅच रद्द. त्यानंतर इथे इंटरनॅशनल क्रिकेट आलंच नाही.

डिझाइन खरं बदललं ते लुसोफोनिया गेम्समुळे. पोर्तुगीज भाषिक देशांच्या या स्पर्धा नोव्हेंबर 2013 ला व्हायच्या होत्या, तयारी झाली नव्हती म्हणून जानेवारी 2014 वर गेल्या. ॲथलेटिक्ससाठी बांबोळीला वेगळं स्टेडियम झालं हे फार बरं झालं, कारण फातोर्ड्यात धावपट्टी घुसवली असती तर प्रेक्षक आणखी मागे गेला असता. फातोर्ड्याच्या स्टँडवर छप्पर आलं. आपल्याकडे पाऊस असा आणि ऊन असं, की छपराशिवाय स्टेडियम म्हणजे अर्धंच काम, हे ज्यांनी उघड्या पायऱ्यांवर बसून मॅचेस बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. सुट्या खुर्च्या आल्या, त्यामुळे माणसं कमी मावायला लागली. आता साधारण 19 हजार बसतात, पण नीट बसतात.

त्याच वर्षी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची लीग, सुरू झालं आणि एफसी गोवाने हेच घर धरलं. 20 डिसेंबर 2015 ची फायनल कोण विसरेल, 87 व्या मिनिटाला गोवा 2-1 ने पुढे, सगळं स्टेडियम उभं, आणि शेवटच्या काही मिनिटांत चेन्नईचे दोन गोल. 2-3. एवढी गजबजलेली जागा एकदम गप्प झाली.

2017 ला 17 वर्षांखालचा वर्ल्डकप आला, त्यासाठी फिफाच्या नियमांप्रमाणे पुन्हा डागडुजी झाली, आणि इथेच इराणने जर्मनीला 4-0 ने हरवलं. 2022 ला मुलींचा वर्ल्डकप, त्याच्या सेमीफायनलही इथे. कोरोनात तर दोन सीझन अख्खं आयएसएल गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को एवढ्यावर चाललं, ते पण रिकाम्या स्टँडसमोर, मार्च 2022 च्या फायनलला प्रेक्षक परत आले. 26 ऑक्टोबर 2023 ला 37 व्या नॅशनल गेम्सचं उद्घाटनही याच मैदानावर झालं.

मैदान फुटबॉलला मिळालं ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. पण क्रिकेटवाल्यांची बाजूही खरी आहे. रणजीच्या मॅचेस पर्वरीला होतात, मात्र 2010 पासून भारताची वनडे बघायची तर गोव्याबाहेर जावं लागतं, आणि त्यासाठी फातोर्ड्याकडे बोट दाखवून उपयोग नाही, क्रिकेटला स्वतःचं स्टेडियमच हवं.