जुन्या एसयूव्हीचा कंपनीचा सबवूफर बदलायचाय? नवीन घेण्याआधी हे वाचा

जुन्या एसयूव्हीवाल्यांचा फोन आला की बोलणं साधारण ठरलेलं असतं, मागचा सब (सबवूफर, म्हणजे खोल बेस वाजवणारा स्पीकर) फाटलाय, ८ इंची आहे, मी ८ इंचीच ३०० वॉटचा मागवलाय, तुम्ही फक्त बसवून द्या. बसवून दिल्यावर दुसरा फोन येतो, की जुना फाटका होता तरी याच्यापेक्षा जास्त वाजायचा, फिटिंगमध्ये काहीतरी गडबड झालीय. फिटिंग बरोबर असतं, सब चुकीचा आलेला असतो. प्रत्येकाला हे परत परत सांगण्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून एकदाच लिहून देतोय.

इंच आणि वॉट बघून सब घेऊ नका, आधी ओहम बघा, म्हणजे सबचा विजेला होणारा अडथळा किती ते. बाजारात मिळणारे साधे सब जास्त करून ४ ओहमचे असतात आणि गाडीतला कंपनीचा सब बऱ्याचदा २ ओहमचा असतो, बोससारख्या ब्रँडेड सिस्टीममध्ये तर त्याहूनही कमी. गाडीत व्होल्टेज मिळतं १२ ते १४, तेवढ्यातून पॉवर काढायची तर ओहम कमी ठेवणं हा कंपनीला सोपा मार्ग पडतो, आणि अॅम्पही (स्पीकरला पॉवर देणारा अॅम्प्लिफायर) त्याच हिशोबाने दिलेला असतो. २ ओहमच्या जागी ४ ओहमचा लावला की अॅम्पमधून पॉवर साधारण निम्मी निघते, म्हणजे आवाजाचे ३ डीबी (डेसिबल) तिथेच गेले. त्यात कंपनीच्या सबचा कोन (पुढचा हलणारा भाग) सहसा हलका, कागदाचा असतो, थोड्या पॉवरवर वाजतो, आणि तुम्ही आणलेला जड कोनचा, जाड रबराचा, त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर किती मोठा वाजतो ते) अजून ३ डीबी कमी असली तर जुन्याएवढा आवाज काढायला आता निघते त्याच्या चौपट पॉवर लागेल आणि ती कंपनीच्या अॅम्पमध्ये नाहीच. खोक्यावरचे ३०० वॉट म्हणजे तो सब तेवढी पॉवर झेलू शकतो एवढंच, पॉवर द्यायची अॅम्पने.

उलटी चूक जास्त वाईट. कंपनीचा सब ४ ओहमचा असतो आणि कोणीतरी डबल कॉइलचा, २ अधिक २ ओहमचा आणून दोन्ही कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) पॅरलल जोडतो, म्हणजे प्लसला प्लस, मायनसला मायनस, मग अॅम्पला दिसतो १ ओहम, अॅम्प तापतो, मधेच बंद पडतो आणि शेवटी जळतो. १०-१५ वर्षं जुन्या गाडीचा ओरिजिनल अॅम्प शोधणं किती त्रासाचं आहे हे ज्याने शोधलाय त्यालाच विचारा. डबल कॉइलचा सब वाईट नाही, उलट कामाचा असतो, ४ अधिक ४ पॅरलल जोडला की बरोबर २ ओहम मिळतात (सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडला तर ८), पण कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये) सबला चार वायरी येत असतील तर एकमेकांत काही जोडू नका, काही गाड्यांत दोन कॉइलला अॅम्पचे दोन वेगळे चॅनल असतात. आणि सबची मायनस वायर बॉडीला अर्थ करू नका, बहुतेक कंपनी अॅम्पमध्ये ती मायनससुद्धा आउटपुटच असते, बॉडीला लागली की अॅम्प गेला.

मोजणं अवघड नाही. म्युझिक बंद, सबचा कपलर काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून येणारं रीडिंग वजा करायचं लक्षात ठेवा, मग सबच्या पिनांवर लावा. ४ ओहमचा सब साधारण ३.२ ते ३.७ दाखवतो, २ ओहमचा १.६ ते १.९, मीटर थोडं कमीच दाखवतं ते बरोबर आहे. काहीच रीडिंग आलं नाही तर कॉइल तुटलीय, तेव्हा मॅग्नेटवर काय छापलंय ते बघावं लागतं. म्हणून कळकळीची विनंती, जुना सब भंगारात देऊ नका. किती ओहम, किती खोल, स्क्रूची भोकं कुठे, सगळं त्याच्यावरून कळतं.

खोलीचं पण बघा. साइड पॅनलमधल्या डब्यात जागा कमी असते, मोठा मॅग्नेट मागे अडतो, आणि डबाच लहान असल्यामुळे मोठ्या डब्यासाठी बनवलेला सब त्यात नुसता घुमतो, खालचा बेस येत नाही.

आता बदलायचाच का, ते. खूप वेळा कॉइल चांगली असते, फक्त कडेचा फोम वयाने भुगा झालेला असतो. कोन चारी बाजूंनी बोटांनी हलकेच सारखा दाबून बघा, आत घासल्याचा आवाज येत नसेल आणि ओहम बरोबर असतील तर आम्ही फोम बदलून देतो, सब तोच, ओहम तेच, त्यामुळे जुळवाजुळव काही नाही. नवीन सब विकण्यात आम्हाला जास्त सुटतं हे उघड आहे, तरी जिथे फोमने भागतं तिथे आम्ही फोमच सांगतो. कॉइल गेली असेल तर ओहम आणि खोली जुळणारे सब आमच्याकडे ठेवलेले असतात, भोकं जुळत नसतील तर अडॅप्टर रिंग बनवून देतो आणि कडेने सील लावतो, कारण डबा थोडा जरी लीक झाला तरी बेस मरतो. आणि ३०० वॉटवालाच वाजवायचा असेल तर त्याला वेगळा अॅम्प आणि बॅटरीपासून फ्यूजसकट वेगळी वायर टाकावी लागेल, ते पण करतो, नीट करतो.

तपासणीचे पैसे का घेता असं काहीजण विचारतात. जुन्या गाडीच्या ट्रिमच्या क्लिपा कडक झालेल्या असतात, पॅनल न मोडता काढायला वेळ लागतो, आणि सबला हात लावायच्या आधी अॅम्पमधून सिग्नल येतोय का ते आम्ही मोजतो, कधी कधी सब ठणठणीत असतो आणि फ्यूज किंवा अॅम्प गेलेला असतो. काम आमच्याकडेच केलं तर ते पैसे बिलात वळते करतो.

बाहेरून घेतलेला सब पण बसवून देतो, पण ओहम मोजल्यावर, आणि जुळत नसेल तर नाही म्हणतो, कृपया वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यात बरं म्हणजे ऑर्डर करायच्या आधी जुन्या सबच्या मॅग्नेटचा, कपलरचा आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो पाठवा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहा, कुठला चालेल ते आम्ही सांगतो, घेतला आमच्याकडून नाही तरी सांगतो.