पत्ता बदलणारे पाहुणे : परग्रहवासीयांशी संपर्काच्या दाव्यांमागचा इतिहास

परग्रहावरून कोणी आले, बोलले किंवा माणसाला उचलून घेऊन गेले, अशा दाव्यांचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९४७ सालापासून सुरुवात करतात, कारण ‘उडत्या तबकड्या’ त्या वर्षीच्या जून महिन्यात वर्तमानपत्रांत प्रथम झळकल्या. ही सुरुवात सोयीची आहे. पण तिच्यामुळे एक महत्त्वाचा धागा हातातून निसटतो. इतर ग्रहांवरच्या रहिवाशांशी बोलणे झाल्याचे सांगणारी माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि त्यांचे दावे ओळीने मांडून वाचले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते : दावा ज्या काळात केला गेला, त्या काळाला जेवढे ठाऊक होते त्याच्या पलीकडची एकही पडताळता येणारी बातमी या पाहुण्यांनी आणलेली नाही.

स्वीडनचे एमानुएल स्वीडनबोर्ग हे खाणकाम आणि धातुशास्त्रातले नाणावलेले जाणकार. उतारवयात ते गूढवादाकडे वळले आणि १७५८ साली त्यांनी बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि चंद्र यांवरच्या आत्म्यांशी झालेल्या संवादांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. युरेनसचा शोध १७८१ साली लागला, नेपच्यूनचा १८४६ साली. स्वीडनबोर्ग यांना भेटलेल्या एकाही आत्म्याने या दोन ग्रहांचा उल्लेख केलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा संवाद दिवाणखान्यात आला. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल येथे फॉक्स भगिनींच्या घरात ठोक्यांचे गूढ आवाज ऐकू येऊ लागले, त्यांना मृतात्म्यांचे संदेश मानले गेले आणि पाहता पाहता अमेरिका व युरोपात प्रेतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकांची लाट उसळली. पायाच्या बोटांचे सांधे वाजवून आपण हे आवाज काढत होतो, अशी जाहीर कबुली त्यांपैकी मार्गारेटने १८८८ साली दिली. तोवर ‘माध्यम’ ही संस्था पक्की झाली होती आणि अशा घटनांची पद्धतशीर छाननी करण्यासाठी लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च १८८२ सालीच स्थापन झाली होती. पुढे परग्रहवासीयांच्या संदर्भात जे घडले त्याचा साचा इथे तयार झालेला दिसतो : निवडलेली एक व्यक्ती, तिच्यामार्फत येणारा संदेश, आणि बाहेरच्या कोणालाही न तपासता येणारा उगम.

याच सुमारास मंगळ चर्चेत आला. इटालियन खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी स्कियापारेल्ली यांना १८७७ साली मंगळावर सरळ रेषा दिसल्या. अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल यांनी त्या रेषा म्हणजे तिथल्या प्रगत समाजाने खोदलेले कालवे आहेत असे ठामपणे मांडले आणि त्यासाठी १८९४ साली ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळाही उभारली. त्याच वर्षी जिनिव्हात मानसशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर फ्लूर्न्वा एका माध्यमाच्या बैठकींना जाऊ लागले. इतिहासात ही स्त्री एलेन स्मिथ या टोपणनावाने ओळखली जाते. दुकानात नोकरी करणारी ही बाई तंद्रीत मंगळावर जाऊन येई, तिथली माणसे व देखावे वर्णन करी, आणि पुढे पुढे मंगळाची भाषाही बोलू व लिहू लागली. पूर्वजन्मी आपण भारतातील एक राजकन्या होतो असेही ती सांगे. त्या ‘जन्मा’तील संस्कृतसदृश उद्गार तपासण्याचे काम फ्लूर्न्वा यांनी ज्यांच्याकडे सोपवले त्यांत फर्दिनां द सोस्यूर यांच्यासारखे भाषाशास्त्रज्ञ होते.

फ्लूर्न्वा यांची तपासणी आजही वाचण्याजोगी आहे, कारण त्यांनी त्या बाईला लबाड ठरवण्याची घाई केली नाही. त्यांनी मंगळभाषेतली वाक्ये जमवली आणि शब्दाला शब्द लावून पाहिला. ‘तू पाहिलेल्या आस्ताने या थोर पुरुषाचे हे घर आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य घ्या. मंगळभाषेत त्यात बारा शब्द आहेत. तिच्या मातृभाषेत, फ्रेंचमध्ये, तेच वाक्य बारा शब्दांचे होते, आणि दोन्हींतला क्रम अगदी शेवटच्या सहायक क्रियापदापर्यंत एकच आहे. शब्द नवे, पण व्याकरण जिनिव्हाचे. हा आक्षेप तिच्या कानावर गेल्यानंतर काही काळाने मंगळापलीकडच्या एका ग्रहावरची, जास्त विचित्र भाषा अवतरली! फ्लूर्न्वा यांचा निष्कर्ष असा की जाणीवपूर्वक फसवणूक न करताही मन वाचलेल्या-ऐकलेल्या गोष्टींतून संपूर्ण जग रचू शकते. त्यांचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. पुढच्या शतकभरातले वाद चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

बिनतारी यंत्रणा आल्यावर संदेशांचे माध्यमही बदलले. निकोला टेस्ला यांनी १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे टिपलेले नियमित स्पंद दुसऱ्या ग्रहावरून आले असावेत असे जाहीरपणे सुचवले, आणि १९२४ साली मंगळ पृथ्वीच्या विशेष जवळ आला तेव्हा अमेरिकी नौदलाच्या रेडिओ केंद्रांना अनोळखी संकेतांसाठी कान देऊन बसण्याच्या सूचना होत्या. काहीही हाती लागले नाही.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हे खासगी वैमानिक वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळून उडत असताना, कोसळलेल्या एका लष्करी विमानाचा शोधही घेत होते. त्यांना नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. दोन शिखरांमधले अंतर आणि लागलेला वेळ यांवरून त्यांनी काढलेला वेग ताशी बाराशे मैलांहून अधिक भरला. पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते तशी त्या वस्तूंची गती होती, असे आपण म्हटल्याचे अर्नोल्ड पुढे सांगत. त्यांनी हवाई दलाला काढून दिलेल्या चित्रातली वस्तू पुढून गोलसर आणि मागे निमुळती होती, पूर्ण गोल तबकडी नव्हे. वर्तमानपत्रांनी मात्र गतीची उपमा आकाराला चिकटवली, आणि त्यानंतर देशभरातल्या लोकांना गोल तबकड्याच दिसू लागल्या. दृश्य आधी आणि नाव मागाहून, असा आपला समज असतो. इथे क्रम उलटा होता. शिवाय त्या उन्हाळ्यात या तबकड्यांचा परग्रहाशी संबंध जवळपास कोणी जोडत नव्हते. गॅलप संस्थेच्या ऑगस्टमधल्या जनमत पाहणीत नव्वद टक्के अमेरिकनांनी तबकड्यांबद्दल ऐकलेले होते, पण भास, थट्टा किंवा गुप्त शस्त्र हीच स्पष्टीकरणे लोक देत होते. शीतयुद्ध सुरू होत होते. परग्रहवासीयांची कल्पना रुजली ती १९५० च्या आसपास, मासिके आणि लोकप्रिय पुस्तकांमधून.

हवाई दलाने १९४८ पासून चौकशीच्या योजना चालवल्या. त्यांतली शेवटची, प्रोजेक्ट ब्लू बुक, १९६९ साली बंद झाली तेव्हा नोंदी १२,६१८ होत्या आणि त्यांतल्या ७०१ ‘अनोळखी’ या सदरात उरल्या होत्या. हा आकडा दोन्ही बाजू वापरतात. पण ‘ओळख पटली नाही’ हा माहितीच्या अपुरेपणाविषयीचा शेरा आहे. वस्तू कुठून आली याविषयी तो काहीच सांगत नाही. सरकारही यात पूर्ण निष्पाप नव्हते. १९५५ पासून यू-२ हे हेर विमान साठ हजार फुटांवरून उडू लागले, संध्याकाळी खाली अंधार पडल्यावरही त्याच्या पंखांवर ऊन चमके, आणि खरे कारण सांगता येत नसल्यामुळे चौकशी अधिकारी बर्फाचे स्फटिक वगैरे कारणे पुढे करीत. ही कबुली सीआयएच्याच इतिहासलेखकाने १९९७ साली दिली. खोटी उत्तरे मिळालेल्या लोकांनी पुढच्या खऱ्या उत्तरांवरही विश्वास ठेवला नाही, यात त्यांना किती दोष द्यायचा? रॉसवेलचे प्रकरण याच मातीतले. १९४७ च्या जुलैत न्यू मेक्सिकोत सापडलेले अवशेष आधी तबकडीचे आणि दुसऱ्याच दिवशी हवामानाच्या फुग्याचे म्हणून जाहीर झाले, मग तीस वर्षे कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. १९७८ नंतर ते उकरून काढले गेले. सोव्हिएत अणुस्फोटांचा कानोसा घेणाऱ्या मोगल या गुप्त योजनेतला तो फुगा होता, हे हवाई दलाने १९९४ साली सांगितले.

दरम्यान भेटीगाठीही सुरू झाल्या होत्या. जॉर्ज ॲडॅम्स्की यांना २० नोव्हेंबर १९५२ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शुक्रावरचा, सोनेरी केसांचा रहिवासी भेटला आणि त्याने अणुबॉम्बविषयी चिंता व्यक्त केली. ढगांखाली शुक्र कसा आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. १९६२ साली मरिनर-२ यानाने तिथला प्रचंड उष्मा नोंदवला. पृष्ठभागाचे तापमान ४६० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. १९६५ साली मरिनर-४ ने मंगळाची छायाचित्रे पाठवली, त्यांत विवरे होती, कालवे नव्हते. पाहुण्यांचा मुक्काम त्यानंतर दूरच्या ताऱ्यांकडे हलला.

त्यांचा स्वभावही बदलला. बेटी आणि बार्नी हिल हे दांपत्य सप्टेंबर १९६१ मध्ये न्यू हॅम्पशायरमधून रात्री घरी परतत असताना एक प्रकाश आपला पाठलाग करतो आहे असे त्यांना वाटले. पुढच्या काही दिवसांत बेटी यांनी ग्रंथालयातून तबकड्यांवरचे एक पुस्तक आणून वाचले. मग त्यांना यानात नेऊन तपासणी झाल्याची स्वप्ने पडू लागली, आणि ती त्यांनी लिहून ठेवली. १९६४ साली बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना वेगवेगळे संमोहित केले, तेव्हा अपहरणाची सविस्तर कहाणी बाहेर आली. खुद्द सायमन यांचे मत असे होते की बेटींची स्वप्ने बार्नींनी वारंवार ऐकली होती आणि संमोहनात आलेला मजकूर त्या स्वप्नांचाच होता. वाचकांनी मात्र संमोहन म्हणजे सत्याची गुरुकिल्ली असे धरले. १९८० च्या दशकात संमोहनाच्या आधारे अपहरणाच्या ‘आठवणी’ शेकड्यांनी निघाल्या.

या माणसांची टवाळी करणे सोपे आहे, पण योग्य नाही. हार्वर्डचे रिचर्ड मॅक्नॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अपहरणाचा दावा करणाऱ्यांना त्यांचाच अनुभव ऐकवला, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके आणि घाम खऱ्या आघातातून गेलेल्यांसारखेच वाढले. भीती अस्सल होती. त्यांतल्या अनेकांच्या कथेच्या मुळाशी झोपेतून अर्धवट जाग येणे, शरीर हलवता न येणे आणि खोलीत कोणीतरी असल्याची जाणीव होणे हा अनुभव होता. स्लीप पॅरालिसिस या नावाने वैद्यकाला परिचित असलेल्या या अवस्थेचा अर्थ पूर्वीच्या पिढ्यांनी छातीवर बसणारे भूत किंवा चेटकीण असा लावला होता.

खगोलशास्त्रातही असा क्षण आला होता. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल यांना आकाशातल्या एकाच जागेवरून दर १.३३ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद दिसले आणि गमतीने त्या उगमाला ‘छोटी हिरवी माणसे’ असे नाव पडले. पण संशोधकांचा गट गप्प राहिला, उपकरणे तपासली गेली, मग आकाशाच्या वेगळ्याच भागात दुसरा तसाच उगम सापडला. इतक्या दूरच्या दोन संस्कृती एकाच पद्धतीने साद घालतील हे संभवत नव्हते. तो स्पंदक तारा, म्हणजे पल्सार, होता.

अलीकडची लाट डिसेंबर २०१७ मध्ये उठली, अनोळखी उडत्या वस्तूंबाबतच्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका चौकशी योजनेची बातमी फुटल्यावर. जून २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदींपैकी एकीचाच खात्रीने उलगडा झाला होता : हवा गेलेला मोठा फुगा. जुलै २०२३ मध्ये एका माजी गुप्तचर अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसपुढे शपथेवर सांगितले की परग्रहावरची याने सरकारच्या ताब्यात आहेत; त्याने ती स्वतः पाहिलेली नव्हती, इतरांकडून ऐकले होते. त्याच सप्टेंबरमध्ये नासाच्या समितीने उपलब्ध माहिती फारच तुटपुंजी असल्याचे नोंदवले. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या संबंधित कार्यालयाने १९४५ पासूनच्या चौकशांचा आढावा प्रसिद्ध केला : परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नाही, आणि दडवलेल्या यानांच्या दाव्यांपैकी पुष्कळसे एकमेकांचे ऐकून तेच पुन्हा सांगणाऱ्या एका लहान गटाकडून आलेले आहेत.