बाराचा सब, पण बॉक्स किती लिटरचा?

गाडीत सब, म्हणजे बेस वाजवणारा सबवूफर, बसवायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न इंचांचा. दहाचा की बाराचा? दुसरा वॉटचा. बॉक्सचा प्रश्न निघतच नाही. ‘बाराचा बॉक्स’ म्हणून काळं कार्पेट चिकटवलेलं एक तयार खोकं मिळतं, ते डिकीत गेलं की काम झालं. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला अशी एखादी गाडी शेजारी येऊन थांबतेच. काचा थरथरतात, नंबर प्लेट वाजते, आणि गाणं कोणतं ते काही कळत नाही. दोष बहुतेक वेळा सबचा नसतो, अ‍ॅम्पचाही नसतो. खोक्यात कोंडलेल्या हवेचा असतो. ती हवा लिटरमध्ये मोजायची असते आणि किती लिटर हवी ते इंचांवरून ठरत नाही.

मुळात बॉक्स लागतो कशाला? सबचा कोन, म्हणजे समोरचा शंकूसारखा पडदा, पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ४० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर असते. एवढ्या लांब लहरीला फूटभर रुंदीचा सब म्हणजे काही अडथळाच नाही, त्यामुळे पुढचा दाब वळसा घालून मागची पोकळी भरून काढतो. उघडा सब टेबलावर ठेवून वाजवला, तर कोन जोरजोरात हलताना दिसतो आणि बेस जवळपास ऐकूच येत नाही. मागचा आवाज कोंडला की पुढचा मोकळा होतो.

पण कोंडलेली हवा गप्प बसत नाही. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की तो उलटा ढकलतो ना, तेच इथे होतं. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते. बॉक्स जितका लहान तितकी स्प्रिंग कडक. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला तो याच हवेच्या स्प्रिंगवर. तोवर चांगल्या बेससाठी कपाटाएवढी खोकी लागत.

कोणत्या स्पीकरला किती हवा, याचं गणित ऑस्ट्रेलियात बसवलं गेलं. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये त्याचा पाया घातला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्ण केलं. आज बऱ्या सबच्या खोक्यातल्या कागदावर जे आकडे छापलेले असतात, ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. त्यातले तीनच आपल्या कामाचे. एफएस म्हणजे सब मोकळा असताना ज्या हर्ट्‌झवर सहज डोलतो तो आकडा. व्हीएएस म्हणजे किती लिटर हवेची स्प्रिंग त्या सबच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी कडक असते, ते. आणि क्यूटीएस म्हणजे डोलायला लागलेला कोन किती लवकर आवरतो, त्याचं माप. आकडा मोठा, तर आवरायला वेळ जास्त.

समजा एका बाराच्या सबचे आकडे असे आहेत: एफएस ३० हर्ट्‌झ, व्हीएएस ६० लिटर, क्यूटीएस ०.४५. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. येणाऱ्या आकड्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्हींना गुणा. बंद बॉक्सचं सगळं गणित एवढंच. बॉक्स २० लिटरचा घेतला तर ६० भागिले २० म्हणजे ३, अधिक १ म्हणजे ४, वर्गमूळ २. म्हणजे ३० हर्ट्‌झचा सब त्या बॉक्समध्ये ६० हर्ट्‌झवर डोलणार आणि बॉक्समधला क्यूटीएस, म्हणजे नुसता क्यू, होणार ०.९. बॉक्स ४१ लिटरचा केला तर क्यू ०.७ च्या आसपास येतो आणि डोलण्याचा सूर ४७ हर्ट्‌झपर्यंत उतरतो. हा ०.७ चा आकडा पुस्तकात आदर्श मानतात, कारण तिथे आवाज कुठेही फुगत नाही. उलट दहाच लिटरमध्ये कोंबला तर क्यू १.२ आणि सूर ७९ हर्ट्‌झ. तिथे एकच ठोका सारखा घुमत राहतो. सिग्नलवरची ती गाडी बहुधा या गटातली. दुसऱ्या कंपनीचा बाराचा सब घेतला तर तीन्ही आकडे बदलतात, मग ‘बाराचा बॉक्स’ असा एकच कसा असेल?

इथवरचं गणित घरातल्या स्पीकरलाही लागू आहे. गाडीत एक गोष्ट वेगळी होते, आणि मला तीच सगळ्यात रंजक वाटते. आतून अडीच मीटर लांब असलेल्या गाडीत साधारण ७० हर्ट्‌झच्या खालची लहर मावतच नाही, निम्मीसुद्धा नाही. मग लहर फिरण्याऐवजी आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली होतो. त्यामुळे सूर जसजसा खाली जाईल तसतसा आवाज वाढतो, अगदी हवाबंद गाडी धरली तर दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. बंद बॉक्सचा आवाज नेमका याच वेगाने खाली उतरतो. एकाची घट, दुसऱ्याची वाढ, दोन्ही मिळून हिशेब जवळपास सरळ. दारं आणि पत्रा थोडे लवतात, फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात वाढ कमी मिळते. काच चार बोटं खाली करून बघा, खालचा बेस लगेच ओसरतो.

म्हणून घरासाठी तोकडा वाटणारा तो २० लिटरचा, ०.९ क्यूचा बॉक्स गाडीत चांगला चालून जातो आणि डिकीत सामानालाही जागा उरते. छोट्या हॅचबॅकसाठी मी बंद बॉक्सच सुचवेन.

पाइपवाला, म्हणजे पोर्टचा बॉक्स जोरात वाजतो, पण तो चुकांना माफ करत नाही. पोर्टमधली हवा आणि बॉक्समधली हवा मिळून एका ठरलेल्या सुरावर घुमतात. ४० लिटरचा बॉक्स ३५ हर्ट्‌झवर लावायचा तर चार इंची पीव्हीसी पाइप साधारण ४० सेंटिमीटर लागतो. दोन इंची पाइप घेतला तर ८ सेंटिमीटरमध्येच भागतं, पण तेवढीच हवा चौपट वेगाने जाते आणि फुसफुसते. पाइप तोच ठेवून बॉक्स ६० लिटरचा केला तर सूर २९ हर्ट्‌झच्या खाली जातो. ठरलेल्या सुराच्या बऱ्याच खाली तर कोनामागे स्प्रिंगच उरत नाही. वॉट कितीही असोत, सब तिथेच फाटतो.

आता सुताराकडे. माप देताना ‘आतून’ हा शब्द विसरू नका. १६ बाय १४ बाय १४ इंचांचं खोकं बाहेरून ५१ लिटर भरतं. सहा सुती, म्हणजे पाऊण इंच जाड एमडीएफ वापरला की प्रत्येक मापातून दीड इंच जातं आणि आत ३७ लिटर उरतात. चौदा लिटर नुसत्या लाकडात गेले! सबचं चुंबक आणि आतल्या आडव्या पट्ट्या आणखी दोन-तीन लिटर खातात. बॉक्स थोडा कमी पडलाच तर उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर सैलसर भरावा. तंतू दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, स्प्रिंग मऊ होते आणि बॉक्स मोठा असल्यासारखा वागतो. कापूस नको, तो गोळा होऊन खाली बसतो.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून इथली हवेची स्प्रिंग मुंबईपेक्षा पाचेक टक्के मऊ. कानाला कळणार नाही इतका हा फरक. एप्रिल-मेच्या उन्हाचं मात्र तसं नाही. बेचाळीस अंशांत उभ्या केलेल्या गाडीची डिकी आधीच भट्टी झालेली असते, वर आवाज मोठा ठेवला की कोन हलवणारी तांब्याच्या तारेची कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली तर रोध चाळीस टक्क्यांनी जास्त. मग अ‍ॅम्पची पकड सुटते आणि क्यू वर चढतो. दुपारी तोच बॉक्स जास्त घुमतो.

बॉक्स बंद पद्धतीचा असेल तर गाडीत टाकण्याआधी फटी तपासा. सांधे सिलिकॉनने भरून वाळू द्या, मग दोन्ही तळहातांनी कोन सारखा आत दाबून धरा. हाताला लागणारा उलटा दाब तसाच टिकला तर बॉक्स घट्ट आहे. तो ओसरत गेला तर हवा कुठून तरी निसटते आहे, बहुधा वायर जिथून आत जाते त्या भोकातून.