टाळेबंदी शिथिलीकरण : ठाणे व नवी मुंबई

साथीच्या काळात संचार, व्यापार, उद्योग आणि प्रवास यांवर घातलेले निर्बंध रोगाचा फैलाव व उपचारांची क्षमता पाहून टप्प्याटप्प्याने सैल करणे म्हणजे टाळेबंदी शिथिलीकरण. रोजच्या बोलण्यात त्याला 'अनलॉक' म्हटले गेले. कोविड-१९ च्या साथीत ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांच्या हद्दीत ही प्रक्रिया जून २०२० मध्ये सुरू झाली. मध्ये दोनदा मोठी माघार घ्यावी लागली आणि मार्च २०२२ च्या अखेरीस ती पूर्ण झाली.

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईची ११.२ लाख होती. ही शहरे मुंबईच्या नोकरदारांची राहण्याची जागा आहेत. त्याच वेळी वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा हे मोठे औद्योगिक विभाग त्यांच्याच हद्दीत आहेत, आणि मुंबईचे धान्य, भाजी, फळे व मसाले वाशीच्या घाऊक बाजारातून जातात. त्यामुळे इथले निर्बंध कधी आणि कसे उठवायचे हा निर्णय एका शहरापुरता राहूच शकत नव्हता. आरोग्य की अर्थव्यवस्था, असा प्रश्न त्या काळात सतत विचारला गेला. इथला अनुभव असा की हातावर पोट असलेल्याला घरात बसवायचे तर त्याच्या जेवणाची सोय करावी लागते, आणि लोकांच्या मनातली धास्ती गेली नाही तर शटर उघडूनही गिऱ्हाईक येत नाही. म्हणजे दोन्ही बाजू एकाच व्यवहारात अडकलेल्या होत्या.

पार्श्वभूमी

राज्याने १३ मार्च २०२० रोजी साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर उपनगरी रेल्वे बंद झाली, २३ मार्चला राज्यभर संचारबंदी आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी आली. केंद्राच्या लाल, नारिंगी आणि हिरव्या वर्गवारीत ठाणे जिल्हा लाल गटात होता. मे महिन्यात राज्याने स्वतःची वर्गवारी केली, तेव्हाही मुंबई महानगर प्रदेशातील महापालिका लाल क्षेत्रातच राहिल्या.

पहिल्या दोन महिन्यांत हजारो परप्रांतीय मजूर माजिवडा, खारेगावमार्गे नाशिक महामार्गाने कसाऱ्याच्या दिशेने चालत निघाले. मेच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली आणि पुढे इतर स्थानकांतूनही गाड्या गेल्या. जूनमध्ये कारखाने उघडायला परवानगी मिळाली तेव्हा मशिनवर उभा राहणारा माणूस उत्तर प्रदेश-बिहारमध्ये, नाहीतर साताऱ्या-कोकणातल्या गावी होता. शिथिलीकरणाच्या आदेशांत या गोष्टीला जवळजवळ स्थानच नव्हते.

पुनश्च हरिओम

३१ मे २०२० रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 'पुनश्च हरिओम' म्हणत 'मिशन बिगिन अगेन' जाहीर केले. ३ जूनपासून मैदाने, सकाळचे फिरणे आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या कारागिरांची कामे सुरू झाली. ५ जूनपासून दुकाने सम-विषम पद्धतीने उघडली. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी, समोरच्या बाजूची दुसऱ्या दिवशी. ८ जूनपासून खासगी कार्यालयांना दहा टक्के कर्मचाऱ्यांसह काम करण्याची मुभा मिळाली.

सम-विषम योजनेचा हेतू गर्दी निम्मी करण्याचा होता. पण ठाण्याच्या जांभळी नाक्यासारख्या दाट बाजारपेठेत जे गिऱ्हाईक दोन दिवसांत विखुरले असते, ते आपले दुकान ज्या दिवशी उघडे असेल त्याच दिवशी एकत्र येई. शिवाय कापडवाला उघडा आणि समोरचा शिंपी बंद, असेही होई. वेळ कमी केली की गर्दी कमी होते, हे गृहीतक पुढेही अनेक आदेशांत टिकून राहिले. साथीच्या विज्ञानाच्या दृष्टीने ते कच्चे होते. तेवढीच माणसे कमी तासांत आली तर दाटी वाढते.

लोकलचा प्रश्न

ठाणे-नवी मुंबईतल्या शिथिलीकरणाची खरी गाठ लोकल गाड्यांपाशी होती. कार्यालये ८ जूनला उघडली. लोकल १५ जूनला सुरू झाली, तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. मधल्या आणि खालच्या उत्पन्नाच्या खासगी नोकरदाराला कामावर हजर व्हायचा हुकूम होता, पण जायचे कसे याचे उत्तर नव्हते. एसटी, टीएमटी (ठाणे पालिकेची बससेवा) आणि एनएमएमटीच्या (नवी मुंबई पालिकेची बससेवा) बसथांब्यांवर तास-तास रांगा लागल्या. आनंदनगर, ऐरोली आणि वाशी टोलनाक्यांवर खासगी गाड्यांची कोंडी झाली. ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याला शहर उघडले, ज्याची मदार पासवर त्याला ते बंदच राहिले.

याची दुसरी बाजू मे २०२० मध्ये दिसली होती. मुंबईत काम करणाऱ्या परिचारिका, पोलीस, बेस्टचे कर्मचारी रोज घरी परतताना संसर्ग आणतात, म्हणून त्यांची राहण्याची सोय मुंबईतच करावी अशी मागणी जिल्ह्यात जोर धरू लागली. शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने तसा आदेश काढला आणि नंतर मागे घेतला. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला त्याच्याच दारातून परत पाठवण्याचा विचार एखाद्या शहराला करावासा वाटला, यावरून त्या दिवसांतली भीती किती खोल होती ते कळते. त्या आदेशाचे समर्थन मात्र होऊ शकत नाही.

२१ ऑक्टोबर २०२० पासून महिलांना ठरावीक वेळांत आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना गर्दीच्या वेळा वगळून लोकलप्रवासाची मुभा मिळाली. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा काढून घेतली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मासिक पास मिळू लागला. हा निकष आरोग्याच्या बाजूने रास्त होता, पण तरुण कामगारावर त्याचा भार असमान पडला. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण मे महिन्यात तुटवड्यामुळे राज्यात थांबले होते आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. कोविशिल्डच्या दोन मात्रांतले अंतर ८४ दिवसांचे होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिली मात्रा घेतलेल्या कळव्याच्या किंवा घणसोलीच्या मुलाला नियमाने पास मिळायला सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबरची सुरुवात उजाडणार होती.

वाशीचा बाजार

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे वाशीत पाच बाजार आहेत : कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य. टाळेबंदीतही हे बाजार अत्यावश्यक ठरले, कारण ते बंद म्हणजे मुंबईची चूल बंद. पण बाजाराची रचनाच जवळिकीची आहे. रात्री गाड्या लागतात, माथाडी कामगार पोती आणि पेट्या पाठीवर घेऊन गाळ्यात उतरवतात, मापाडी वजन घेतो, पहाटे किरकोळ विक्रेते मालाभोवती जमून भाव करतात. हात, खांदा आणि आवाज यांवर चालणाऱ्या कामात दोन हातांचे अंतर कसे ठेवणार?

व्यापारी, माथाडी आणि त्यांच्या घरच्यांमध्ये रुग्ण वाढू लागले. अखेर ११ ते १७ मे २०२० असा आठवडाभर पाचही बाजार बंद ठेवून निर्जंतुकीकरण आणि तपासण्या करण्यात आल्या. तो हापूसचा ऐन हंगाम होता. कोकणातल्या अनेक बागायतदारांनी पेटी थेट सोसायटीच्या दारात पोहोचवण्याचा मार्ग याच काळात धरला, आणि भाजीच्या गाड्या वाशी टाळून परस्पर मुंबईत पाठवण्याचे प्रयत्न झाले. १८ मेपासून बाजार टप्प्याटप्प्याने उघडले. आत येणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आली, प्रवेशद्वारावर तापमान तपासले जाऊ लागले.

माथाडींचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामगारांना मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय सोय मिळते, तरी मजुरी उचललेल्या मालावरच ठरते. आवक निम्मी झाली की कमाईही निम्मी. बाजार चालू ठेवला तर संसर्गाचा धोका त्यांना, बंद ठेवला तर उपासमारही त्यांचीच. शहराचे पोट भरण्यासाठी जे पुढे उभे राहिले त्यांना विमा कवच मागावे लागले, हे खटकणारे आहे.

जुलैची माघार

जून अखेरीस ठाणे जिल्ह्यात रुग्ण वेगाने वाढले. जुलैमध्ये जिल्ह्यातल्या उपचाराधीन रुग्णांची संख्या मुंबईपेक्षाही वर गेली. २९ जूनच्या आदेशाने राज्याने महापालिका आयुक्तांना स्थानिक निर्बंध लावण्याची मोकळीक दिली होती. तिच्या आधारे ठाण्यात २ जुलैपासून आणि पाठोपाठ नवी मुंबईत पुन्हा टाळेबंदी लागली. आधी दहा दिवसांची म्हणून जाहीर झालेली ही टाळेबंदी १९ जुलैपर्यंत वाढली आणि त्यानंतर ती फक्त हॉटस्पॉटपुरती, म्हणजे जास्त रुग्ण असलेल्या वस्त्यांपुरती, ठेवण्यात आली.

दुकानदारांचा रोष बंदीपेक्षा अनिश्चिततेवर जास्त होता. जूनमध्ये उधारीवर माल भरलेला, महिनाभरात शटर पुन्हा खाली. जागेचे भाडे, विजेचे बिल आणि पोरांचा पगार या गोष्टी मुदतवाढीच्या बातमीची वाट पाहत नाहीत. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा दिवस आणि कधी चौदा दिवसही जातात, त्यामुळे दहा दिवसांची टाळेबंदी संपताना दिसणारे आकडे बव्हंशी टाळेबंदीपूर्वीच्या संसर्गाचे असतात. एवढ्या थोडक्या मुदतीत निकाल लागणार नाही हे सुरुवातीलाच सांगून मुदत थेट तीन आठवड्यांची जाहीर केली असती, तर व्यापाऱ्यांनी ती अधिक समजून घेतली असती.

याच काळात प्रत्यक्ष क्षमता वाढत होती, आणि शिथिलीकरणाला खरा आधार तिचाच मिळाला. ठाण्यात बाळकुम-साकेत येथे एक हजाराहून अधिक खाटांचे कोविड रुग्णालय जूनमध्ये सुरू झाले. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात सुमारे १,२०० खाटांचे केंद्र उभे राहिले. डॉ. विपिन शर्मा ठाण्यात आणि अभिजित बांगर नवी मुंबईत आयुक्त म्हणून आले, झटपट निकाल देणाऱ्या अँटीजेन चाचण्या सुरू झाल्या, आणि ऑगस्टमध्ये नवी मुंबई महापालिकेने नेरूळला स्वतःची आरटी-पीसीआर (अधिक खात्रीची प्रयोगशाळेतली चाचणी) प्रयोगशाळा उभारली. अहवाल लवकर हाती आला की एका इमारतीला किंवा एका मजल्याला बंद ठेवणे पुरते, अख्खा नोड (नवी मुंबईतला वाशी, नेरूळसारखा विभाग) बंद करावा लागत नाही.

त्यानंतर एकेक दार उघडत गेले. मॉल ५ ऑगस्टला, हॉटेले निम्म्या क्षमतेने ५ ऑक्टोबरला, व्यायामशाळा दसऱ्याला, मंदिरे दिवाळीच्या पाडव्याला.

पाच स्तरांची पद्धत

दुसऱ्या लाटेनंतर, ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्याने प्रथमच आकड्यांना बांधलेली पद्धत आणली. ती ७ जूनपासून लागू झाली. चाचण्यांमधील बाधितांचा साप्ताहिक दर आणि ऑक्सिजन खाटा किती टक्के भरल्या आहेत, या दोन निकषांवर पाच स्तर ठरले. बाधितांचा दर ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. दर ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांहून अधिक भरलेल्या असतील तर तिसरा. दर २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या तर पाचवा. दर गुरुवारी आकडे जाहीर व्हायचे आणि सोमवारपासून स्तर लागू व्हायचा. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महापालिका स्वतंत्र घटक धरल्याने ठाणे आणि नवी मुंबई जिल्ह्यापासून वेगळ्या मोजल्या गेल्या. दोन्ही सुरुवातीला दुसऱ्या स्तरात आल्या. दुकाने नेहमीच्या वेळेत, हॉटेले निम्म्या क्षमतेने. कल्याण-डोंबिवली तिसऱ्या स्तरात राहिली, तिथे दुपारी चारला शटर खाली.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे पुढच्या आठवड्यात काय होणार याचा अंदाज दुकानदाराला स्वतः बांधता येऊ लागला. दोषही होते. बाधितांचा दर हा भागाकार आहे. लक्षणे नसलेल्यांच्या अँटीजेन चाचण्या भरपूर केल्या की तो आपोआप खाली येतो. २५ जूनच्या आदेशाने तो फक्त आरटी-पीसीआर चाचण्यांवर काढण्याचे ठरले, हे योग्यच झाले. पण त्याच आदेशाने डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने सगळ्या घटकांना किमान तिसऱ्या स्तरात टाकले. आकडे चांगले ठेवूनही ठाणे-नवी मुंबईकरांच्या वाट्याला पुन्हा दुपारी चारची वेळ आणि शनिवार-रविवारची बंदी आली. तीन आठवड्यांत नियम मोडला की नियमावरचा विश्वास उडतो, आणि शिथिलीकरणात विश्वासाइतके दुसरे काही उपयोगी पडत नाही.

आर्थिक परिणाम व मदत

राज्याच्या २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीने राज्याची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आक्रसेल असा अंदाज दिला होता. उद्योगांत ११.३ टक्के आणि सेवांत ९ टक्के घट, तर कृषी क्षेत्रात ११.७ टक्के वाढ. कारखाने आणि सेवा यांवरच जगणाऱ्या या दोन शहरांना या आकड्यांची खालची बाजू मिळाली.

मदतीच्या योजनांत लघुउद्योगांसाठी केंद्राची हमीवरची कर्जे होती आणि फेरीवाल्यांसाठी दहा हजार रुपयांचे स्वनिधी कर्ज. शिवभोजन थाळी पाच रुपयांत आणि पुढे मोफत मिळू लागली. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने सुमारे ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली, तीत परवानाधारक रिक्षाचालक, फेरीवाले, नोंदीत बांधकाम व घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. अडचण 'नोंदीत' आणि 'परवानाधारक' या अटींत होती. दिघा, तुर्भे, किसननगर, लोकमान्यनगर इथल्या वस्त्यांतून शेजारच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बहुतेक बायकांची कुठेच नोंद नव्हती. त्यांच्यासाठी पालिकेच्या आदेशापेक्षा सोसायटीच्या कमिटीचा नियम कडक असे. सरकारने शहर उघडल्यानंतरही गेटवरच्या रखवालदाराला त्यांना आत सोडायची परवानगी नसे. पहिल्या महिन्याचा पगार देणारी घरे बरीच होती, तिसऱ्या महिन्याचा देणारी थोडी.

निर्बंधांची समाप्ती

ऑगस्ट २०२१ मध्ये दुकाने आणि हॉटेलांना रात्री दहापर्यंत मुभा मिळाली, ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी मंदिरे पुन्हा उघडली आणि २२ ऑक्टोबरपासून नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे रात्रीची संचारबंदी काही काळ परत आली. ३१ मार्च २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी, राज्य मंत्रिमंडळाने सर्व निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला आणि मास्क ऐच्छिक केला.