फाटका सामुराई आणि रोनिन: दोघे एक नव्हेत

झिजलेला किमोनो, कमरेला दोन तलवारी आणि पुढ्यात अर्धवट चिकटवलेली कागदी छत्री. असं चित्र दिसलं की आपण लगेच म्हणतो, हा रोनिन! पण जपानच्या एदो काळात (1603–1868) छत्र्या चिकटवणाऱ्यांतले कितीतरी जण चांगले नोकरीत होते, आणि तेही थेट शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या. रोनिन म्हणजे ज्याला धनी नाही तो. खिसा रिकामा असण्याशी त्याचा संबंध नाही.

शोगुनच्या पदरच्या खालच्या दर्जाच्या सामुराईला गोकेनिन म्हणत. शोगुनच्या भेटीचा मान त्याला नसे, तो वरच्या हातामोतोंचा. एदो शहराचा (आजचं तोक्यो) बंदोबस्त पाहणाऱ्या दोशिन या गोकेनिनचा पगार साधारण 30 पोती तांदूळ आणि दोन माणसांचा शिधा. हा तांदूळ असाकुसाच्या सरकारी कोठारातून वर्षाला तीन हप्त्यांत मिळे. तो उचलून विकून देणारे अडते म्हणजे फुदासाशी, आणि पुढच्या हप्त्यावर उचल देणारेही तेच. त्यामुळे पोती कोठारातून हलण्याआधीच त्यांच्याकडे गहाण पडलेली असत. 1789 मध्ये सरकारने जुनी कर्जं रद्द केली, तरी उधारी काही सुटली नाही. मग जोडधंदे आले: आओयामात छत्र्या, शितायात असागाओच्या फुलवेली, तर ओकुबोत शंभर बंदूकधाऱ्यांची तुकडी अझेलियाची रोपं वाढवी. तोक्योतल्या ह्याकुनिनचो या वस्तीचं नाव त्याच तुकडीवरून पडलं.

छत्र्या रोनिनही करी. पण गोकेनिनचं घर सरकारी, रोनिनचं चाळीतलं भाड्याचं. रोनिनवर सत्ता दुकानदार-कारागिरांसारखीच नगर-न्यायाधिकाऱ्याची. पोटासाठी तो मुलांना अक्षरं शिकवी, तलवारबाजीचे धडे देई, कुणाची राखण करी. सरकारला मात्र त्याचा धाक वाटे. 1651 मध्ये युद्धशास्त्र शिकवणाऱ्या युई शोसेत्सूचा रोनिनांना हाताशी धरून रचलेला कट उघडकीस आला. वारस नसलेला सरदार वारला की जहागीर जप्त होई आणि त्याचे चाकर रस्त्यावर येत. म्हणून कटानंतर मरणशय्येवर दत्तक घेण्याची बंदी सैल केली गेली.

माझ्या मते जास्त कोंडी नोकरीतल्याचीच. पुढे विचारवंत म्हणून गाजलेल्या फुकुझावा युकिचींचे वडील नाकात्सू जहागिरीतले. ते विद्वान, पण पगार 13 कोकू (कोकू हे तांदळाचं माप) आणि काम ओसाकात व्यापाऱ्यांशी कर्जाच्या वाटाघाटी करण्याचं. तिथे वरच्या आणि खालच्या सामुराईंत सोयरीकही होत नसे. बुद्धी कितीही असो, दर्जा जन्माचा. त्यातून बाहेर पडायचं, तर परवानगीशिवाय जहागीर सोडणं हा गुन्हा.

तोसा जहागिरीतल्या साकामोतो र्योमा या सामुराईने 1862 मध्ये तो केला आणि रोनिन झाला. पुढे माफी मिळाली, परत बोलावणंही आलं. तो गेला नाही.