टिव्होलीला जाताय? आधी हे वाचा

कोपनहेगनच्या टूरमध्ये आपण एक अख्खी संध्याकाळ टिव्होलीसाठी, म्हणजे शहरातल्या जुन्या बागेवजा अम्युझमेंट पार्कसाठी, मोकळी ठेवलीय. दोन तासात उरकून टाकू असं बरेच जण सुचवतात पण आम्ही ते करत नाही, कारण ही बाग उजेडात एक दिसते आणि दिवे लागल्यावर वेगळीच, आणि जून-जुलैमध्ये तिकडे सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे भर दुपारी जाऊन दमलात आणि सातला हॉटेल गाठलंत तर अर्धी मजा गेलीच म्हणून समजा. चारनंतर आत शिरा आणि सावकाश फिरा.

तिकिटाचा घोळ सगळ्यांचा होतो. एन्ट्री वेगळी आणि राइड्स वेगळ्या. नुसत्या एन्ट्रीत बाग, तळं, फुलं, मोर आणि बाहेरच्या स्टेजवरचे बरेच कार्यक्रम बघता येतात, आजी-आजोबांना तेवढं भरपूर झालं, उगाच त्यांचा पास काढू नका. पोरांना चार-पाच राइड्स करायच्या असतील तर मात्र दिवसभराचा राइड पासच परवडतो. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते आणि ती सेंटिमीटरमध्ये मोजतात, तेव्हा मुलांची उंची घरीच मोजून ठेवा, लाईनीत उभं राहून ऐनवेळी नको म्हटलं की पोरं फार हिरमुसतात. पैसे डॅनिश क्रोनमध्ये, पण कार्ड सगळीकडे चालतं.

आता एकच राइड करायची असेल तर कुठली? आमचं उत्तर ठरलेलं आहे, रुत्शेबानेन. १९१४ चा लाकडी रोलर कोस्टर, वरून डोंगरासारखा सजवलेला, आणि खासियत म्हणजे प्रत्येक गाडीत तुमच्याबरोबर एक ब्रेकवाला बसतो, खराखुरा माणूस. उतारावर गाडी किती सुसाट सोडायची आणि वळणाआधी किती आवरायची हे तो हातातल्या दांड्याने ठरवतो. शंभरहून जास्त वर्षं हे असंच चाललंय. जास्त थरार हवा असेल तर ८० मीटर उंचीवरून गरगरा फिरवणारा साखळ्यांचा झोपाळा आहे, वरून अख्खं शहर दिसतं, पण चक्कर येणाऱ्यांनी नाद करू नये.

दुसरी न चुकवण्याची गोष्ट म्हणजे १८७४ चं पँटोमाइम थिएटर. चिनी धाटणीची इमारत आणि पडद्याच्या जागी मोराचा प्रचंड पिसारा, तो मिटत खाली गेला की खेळ सुरू. मूकनाट्य असल्यामुळे डॅनिश यायची गरजच नाही, लहान मुलंही खिळून बसतात. खेळांच्या वेळा आत शिरतानाच बघून ठेवा.

थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की बाग वेगळी दिसते. जॉर्ज कार्स्टेन्सन नावाच्या माणसाने राजा आठव्या क्रिश्चनकडून परवानगी मिळवली आणि १५ ऑगस्ट १८४३ ला बाग उघडली, तेव्हा ही जागा शहराच्या तटाबाहेर होती. आतलं तळं म्हणजे त्या जुन्या तटाच्या खंदकाचाच उरलेला तुकडा, काठावर उभं राहिलात की हे आठवा. १९४४ मध्ये नाझींच्या बाजूच्या लोकांनी इथल्या बऱ्याच इमारती जाळल्या, तरी तात्पुरत्या इमारती उभ्या करून काही आठवड्यांत बाग परत सुरू झाली, हे आम्हाला फार मोठं वाटतं. जगातलं सगळ्यात जुनं अम्युझमेंट पार्क हे नव्हे बरं का, तो मान शहराच्या उत्तरेकडच्या बाकेनचा, १५८३ चं. वेळ असेल तर तेही करा, तिथे एन्ट्री फुकट आहे.

टिव्होली वर्षभर सलग चालू नसतं, उन्हाळा, हॅलोविन, ख्रिसमस असे सीझन असतात, त्यामुळे आमच्याशिवाय स्वतः जाणार असाल तर तारखा बघूनच विमानाचं बुकिंग करा. पावसाचा भरवसा नाही, विंडचीटर जवळ असू द्या, उन्हाळ्यातही रात्री गार वारा सुटतो.

ग्रुपने भेटायचं ते व्हेस्टरब्रोगेडवरच्या मुख्य गेटपाशी. सेंट्रल स्टेशनच्या बाजूलाही एक गेट आहे आणि चुकामूक तिथेच होते, म्हणून फोन चार्ज करून ठेवा आणि चुकलात तर मुख्य गेटवर येऊन थांबा, आमचा माणूस तिथे असेल.