राइनकाठचे फ्रँक आणि आपला फिरंगरोग

बखरींत फिरंगी म्हणजे बहुतेक वेळा पोर्तुगीज. वसईचे फिरंगी, गोव्याचे फिरंगी. मुळात हे नाव मात्र राइन नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या जर्मानिक टोळ्यांचं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून रोमन त्यांना फ्रँक म्हणू लागले. पुढे या फ्रँकांनी गॉल प्रांत जिंकला, फ्रान्सला त्यांचंच नाव मिळालं आणि ८०० साली त्यांचा राजा शार्लमेन रोममध्ये सम्राट झाला.

१०९६ साली पहिलं धर्मयुद्ध, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिश्चनांनी मुसलमानांविरुद्ध केलेली स्वारी (क्रुसेड), सुरू झालं. त्यात नॉर्मन होते, फ्लँडर्सचे सरदार होते, इटलीचेही होते; अरबांच्या लेखी ते सगळे सरसकट ‘इफ्रंज’. फारसीत त्याचं फरंगी झालं. त्यामुळे १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, तोवर आशियात त्याच्यासाठी नाव तयारच होतं. त्यांच्याबरोबर आलेल्या वस्तूंनाही तेच चिकटलं. चीनमध्ये ‘फोलांगजी’ म्हणजे पोर्तुगीज आणि त्यांची मागून ठासायची तोफसुद्धा. आपल्याकडे युरोपातून आलेल्या सरळ, लांब पात्याला इथली मूठ बसवली, की ती तलवार फिरंग.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो फिरंगरोग, म्हणजे सिफिलिस. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्रांनी त्याचं वर्णन केलं आहे. फिरंग देशात हा रोग फार, आणि तिथल्या लोकांच्या संसर्गातून तो होतो, म्हणून हे नाव, असं ते सांगतात. उपचार पाऱ्याचा. गव्हाच्या कणकेत पारा भरून गोळी करायची, लवंगेच्या पुडीत घोळवायची आणि दातांना लागू न देता पाण्याबरोबर गिळायची. पारा तोंडाची काय दशा करतो, हे त्या वैद्यांना पुरतं ठाऊक असणार.

युरोपातही या रोगाला नाव असंच पडलं होतं. १४९५ च्या सुमारास आठव्या चार्ल्सचं फ्रेंच सैन्य नेपल्समध्ये असताना ही साथ भडकली आणि इटालियनांनी तिला ‘फ्रेंच रोग’ ठरवून टाकलं. भारतीय वैद्य आणि इटलीचे लोक, दोघांनी आपापल्या वाटेनं एकाच रोगावर फ्रँकांचं नाव लावलं! खरा कारक, स्क्रूसारखा पीळदार जिवाणू, १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. १९४३ पासून पेनिसिलिननं पाऱ्याची गरजच संपवली.